न दाखवलेली नऊ मिनिटं

महोत्सवाच्या पाहुण्यांच्या यादीतल्या सतराव्या नावापाशी ताईचं बोट थांबलं. नाव ओळखीचं नव्हतं. आडनाव तर असं, की ते कसं म्हणायचं यावरून कचेरीत पैज लागली असती. ओळखीची होती ती फोटोतली मान. किंचित डावीकडे कललेली, जणू समोरच्याला आपलं बोलणं मध्येच तोडता यावं म्हणून जागा करून दिलेली. फोटोखाली लिहिलं होतं, परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा. त्याखाली उद्घाटनाच्या दिवशी दुपारी चारला त्यांचं भाषण, आणि विषय: ‘माझी पहिली फिल्म, जी कुणी पाहिली नाही’. ताईनं यादी पालथी ठेवली. मग कुणी पाहिलं का हे बघितलं. संचालक फोनवर कुणाच्या तरी व्हिसाबद्दल बोलत होता, दोघी स्वयंसेविका गळ्यात घालायच्या ओळखपत्रांना दोऱ्या ओवत होत्या. कुणी पाहिलं नव्हतं. ती उठली, कचेरीतून ग्रंथालयात आली आणि मागच्या बाजूला, जिथे जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे होते आणि जिथे सहसा कुणी येत नसे, तिथे दोन कपाटांच्या मध्ये जाऊन नुसती उभी राहिली. छातीत धडधडत नव्हतं. उलट सगळं एकदम शांत झालं होतं. अडतीस वर्षं जी गोष्ट येणार येणार म्हणून ती धरून बसली होती, ती आली होती, आणि तीही छापील कार्यक्रमपत्रिकेत, वेळेसकट.

सगळे तिला ताई म्हणत. ग्रंथालयातली मुलं, शिपाई, महोत्सवाचा संचालक, तिच्याहून मोठे असलेले दोन प्राध्यापक. एकदा तर नवऱ्याच्याही तोंडून चुकून ‘ताई’ निघालं होतं आणि दोघं दिवसभर आठवून आठवून हसली होती. कॉलेजात शिकायला आली ती इथेच राहिली. आधी विद्यार्थिनी, मग साहाय्यक, मग ग्रंथपाल. चार महिन्यांनी निवृत्त होणार होती. आणि हा महोत्सव, ज्याला आता बासष्ट देशांतून फिल्म येत होत्या, ज्याच्यासाठी शहरातली पाच चित्रपटगृहं आठवडाभर राखून ठेवत आणि दुभाष्यांची वेगळी खोली लागत असे, तो त्यांनी चौघांनी सुरू केला होता, पदार्थविज्ञानाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गात. अकरा फिल्म, चाळीसेक माणसं. नाटकाच्या सेटमधला प्लायवूडचा एक तुकडा पांढरा रंगवून पडदा केला होता. त्यात मधोमध खिळ्याचं भोक होतं, ते काही केल्या बुजलं नाही, त्यामुळे प्रत्येक नायिकेच्या गालावर कधी ना कधी तो तीळ येऊन बसायचा आणि पोरं शिट्ट्या मारायची.

चौघांत कामं वाटली गेली तेव्हा ताईच्या वाट्याला कपाटाची किल्ली आली. फिल्मचे डबे त्या कपाटात. आठ मिलिमीटरच्या फिती. त्यांना निगेटिव्ह नसे, कॅमेऱ्यातून जी निघे तीच एकमेव. हे तिला कुणीतरी तेव्हाच बजावून सांगितलं होतं आणि तिनं मान डोलावली होती, जशी विसाव्या वर्षी माणसं कशालाही मान डोलावतात. अकरावा डबा आणून दिला तो पाऊणनं. पाऊण म्हणजे वर्गातलीच एक मुलगी. वाक्य कधी पुरं करत नसे, पाऊण वाक्य झालं की मान कलती करून थांबे, उरलेलं पाव तुम्ही समजून घ्यायचं. म्हणून तिचं नाव पाऊण. डबा देताना म्हणाली होती, “दादाची आहे. हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात तो परत चालायला... नऊच मिनिटं, पण...” तिचा दादा मोटरसायकलवरून पडून सहा महिने अंथरुणाला खिळला होता हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. ताईनं डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर डबे दहा.

तो दिवस तिला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवत असे, आणि तेही नको तेव्हा. बाकांखाली वाकून शोधताना गुडघ्यांना लागलेली खडूची भुकटी. सगळे दहा डबे पुन्हा पुन्हा उघडून बघताना येणारा तो आंबूस वास. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारायचं तर आधी हरवलं म्हणून सांगायला हवं होतं. अकराच्या सुमाराला व्हरांड्यात पाऊण समोरून आली, खांद्याला तिची ती मोठी कापडी पिशवी, आणि ताईच्या तोंडून तिला स्वतःलाच ठाऊक नसलेली गोष्ट बाहेर पडू लागली. सकाळी चाचणीसाठी फिल्म लावली होती. प्रोजेक्टरमध्ये अडकली. दिवा आत तापतो ना, त्यानं जळली. मी बंद करेपर्यंत सगळी गेली. असं ती बोलत राहिली. आणि पाऊण ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “असू दे गं. तसंही ती...” आणि मान कलती करून निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढे दोन वर्षांनी बसथांब्यावर भेट झाली. पाऊण म्हणाली, “दादा गेला गं. गेल्या महिन्यात. आता घर अगदी...” तेवढ्यात बस आली. ताईनं तिचा हात हातात घेऊन दाबला, इतक्या जोरानं की पाऊण दचकली, आणि बस निघून गेली. त्या बसच्या मागच्या काचेकडे बघत ताई थांब्यावर किती वेळ उभी होती तिला सांगता आलं नसतं. एका माणसाला चालताना पाहायचं तर जगात नऊच मिनिटं होती, आणि ती तिनं हरवली होती.

त्यानंतर ती जी झाली, ती त्यातूनच झाली असं तिला वाटे. दुसऱ्या वर्षापासून तिनं वही ठेवली. कोणती फिल्म कधी आली, कुणाच्या हातात दिली, कधी परत गेली, कुणाची सही. पोरं चेष्टा करायची. चौथ्या वर्षी शेजारच्या कॉलेजांतून डबे आले, नवव्या वर्षी समुद्रापलीकडून एक पार्सल आलं, कुठल्याशा विद्यापीठाच्या फलकावर कुणीतरी त्यांची सूचना डकवली होती म्हणे. ते पार्सल परत पाठवताना ताईनं ते तीन वेळा बांधलं आणि तीन वेळा सोडून पाहिलं. त्या मुलानं पुढच्या वर्षी आणखी चौघांना सांगितलं, की हे लोक फिल्म परत पाठवतात, डब्यावर लेबल चिकटवून, पोचल्याचं पत्र मागून. तेराव्या वर्षी एक ताडमाड मुलगा स्वतःच आला. उतरायची सोय कुणी केली नव्हती, तो आठवडाभर प्रयोगशाळेच्या टेबलावर झोपला, पाय बाहेर काढून, आणि जाताना रडला. तसं ते वाढत गेलं. बाकीचे तिघे नोकऱ्यांना लागून पांगले, चौथी राहिली. आता फिल्म हवेतून येत, डबे नव्हतेच, तरी ताईची वही चालू होती. आणि या वर्षी महोत्सवाच्या पुस्तिकेत संचालकानं तिच्या निरोपाचं पान छापलं होतं. फोटो, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत: अडतीस वर्षांत एकही प्रत गहाळ नाही. उद्घाटनालाच सत्कार होता. भाषणाच्या लगेच आधी.

संचालक कधी काळी तिच्या ग्रंथालयात पुस्तकं उशिरा परत करणारा मुलगा होता. आता त्याची दाढी पिकली होती. तो दुपारी तिला म्हणाला, अध्यक्षांना आणायला तुम्हीच जा ताई, त्या आपल्याच कॉलेजच्या आहेत, त्यांनी स्वतः कळवलंय. ताई म्हणाली, माझ्याच वर्गात होती. त्याला तर आनंदच झाला. मग ओळखही तुम्हीच करून द्या म्हणाला. ती हो म्हणाली. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

पुढचे पाच दिवस ती ओळखीची चार वाक्यं लिहीत आणि खोडत होती. आजारी पडता येईल का याचाही विचार तिनं केला, आणि एकोणसाठाव्या वर्षी शाळकरी मुलीसारखं कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंडगार होतं. तिला भीती नेमकी कशाची वाटत होती? लोक हसतील याची नव्हे. पाऊण वाईट बोलेल याचीही नव्हे. पाऊण कुणाला वाईट बोलण्याइतकं लांब बोलतच नसे. भीती वाटत होती ती त्या पानाची. ते मोठ्या अक्षरांतलं वाक्य खोटं आहे हे तिच्याखेरीज जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तेच माणूस त्या वाक्याशेजारी उभं राहून बोलणार होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तिचा नवरा चष्मेवाला. दुकान उघडायच्या आधी घरीच बसून सुटलेले स्क्रू बसवायचं त्याचं काम चालू होतं. तेहतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती याचं त्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं आणि म्हणाला, “भाषणाच्या आधी सांग तिला. आधी सांगितलंस तर ती कबुली, नंतर सांगितलंस तर सारवासारव.” मग भिंग परत लावलं. जरा वेळानं, मान वर न करता, “मी येऊ का दुपारी?” असं विचारलं. महोत्सवाला तो कधी येत नसे. अंधारात बसून दुसऱ्यांची दुःखं बघायला त्याला आवडत नसे. “या,” ती म्हणाली.

हॉटेलच्या दारात पाऊण उभी होती. केस पांढरे, आखूड कापलेले, आणि कानाला फोन. फोनवर ती तिच्या आताच्या देशाच्या भाषेत भराभर, ठासून, पूर्णविराम देऊन बोलत होती, आणि ताईला क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या बाईला न्यायला आलो. मग पाऊणनं फोन ठेवला, मान कलती केली आणि मराठीत म्हणाली, “अगं, तू तर अजून तशीच...” तिची मराठी विसाव्या वर्षी जिथे थांबली होती तिथेच उभी होती. गाडीत दोघी रस्त्यांबद्दल बोलल्या. हे नवीन झालं, ते पाडलं. पाऊणला तो पदार्थविज्ञानाचा वर्ग बघायचा होता. ताईनं चौकीदाराकडून किल्ली घेतली. एक वाजून गेला होता, वर्ग रिकामा, फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं गणित. पाऊण वरच्या पायरीवरच्या बाकावर जाऊन बसली. ताई खाली, शिक्षकांच्या जागी, उभीच राहिली. बसली असती तर बोलता आलं नसतं.

“तुझी फिल्म जळली नव्हती,” ती म्हणाली. “माझ्याकडून हरवली. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

वर्ग मोठा होता, आवाज वरपर्यंत गेला आणि थोडासा परत आला. पाऊणनं मान कलती केली. मग म्हणाली, “ते मला तेव्हाच...”

“काय तेव्हाच?”

“अगं, ती माझ्या पिशवीत होती. तू सांगत होतीस ना जळली म्हणून, तेव्हा.”

मग हळूहळू, पाऊण पाऊण वाक्यांतून, ताईला ते सगळं कळत गेलं. आदल्या संध्याकाळी दादाला कळलं होतं, की उद्या फिल्म दाखवणार. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, मी पडतो ते चारचौघांनी बघायला मी काय सर्कस आहे? तो रडला नाही, पण जेवलाही नाही. सकाळी पाऊण लवकर आली, शिपायाकडे दुसरी किल्ली होती, त्यानं कपाट उघडून दिलं. दुसरी किल्ली असते हे ताईला अडतीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. पाऊण तिला सांगायलाच शोधत होती. व्हरांड्यात गाठ पडली, आणि ती तोंड उघडायच्या आत ताईनं जळल्याचं सांगायला सुरुवात केली. “तू इतकं छान सांगत होतीस,” पाऊण म्हणाली. “जळल्याचा वास कसा आला, ते सुद्धा. मला वाटलं, ही कुणाला तरी वाचवतेय. मग मी कशी मध्ये...” आणि दादाची अब्रूही राहत होती. दोघींचं भागत होतं.

ताई आता बसली. कुठे बसतेय हे न बघता, टेबलाच्या कडेवर. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि एकदम जमीनच लागावी, तसं झालं होतं. पडत नाही माणूस, पण सगळं अंग हादरतं. तिला पहिल्यांदा आला तो राग. एक पत्र टाकता आलं नसतं का तुला, ती म्हणाली. पाऊण म्हणाली, की ती वाट बघत होती, ताई कधीतरी खरं सांगेल म्हणून. मग स्वतःचीच लाज वाटायला लागली. मग देश सुटला, मग इतकी वर्षं झाली, की तेवढ्यासाठी पत्र लिहिणं म्हणजे... ताईला हे उरलेलं पाव समजून घ्यावं लागलं नाही. तेच तिचंही होतं, अक्षरशः तेच.

“आता आणलीय मी,” पाऊण पर्सवर हात ठेवून म्हणाली. “दादाच म्हणाला, आता दाखव.”

“कोण दादा?”

“कोण म्हणजे? मला एकच तर...”

ताईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “तो गेला ना?” ती म्हणाली. “तूच सांगितलंस मला. बसथांब्यावर.”

“गेलाच की. नोकरीला गेला, त्या लांबच्या बंदरात. घर अगदी सुनं झालं, असं म्हणणार होते, तर बस आली.”

बसथांब्यावरचं ते वाक्य आता कुठे पुरं झालं होतं. मग पाऊणला उलगडा होत गेला. चेहऱ्यावरून तो होताना दिसत होता. “म्हणून तू हात एवढा दाबलास होय,” ती म्हणाली. ताईला वाटलं, आता आपण हसणार, पण हसू आलं ते नाकातून, आणि त्याबरोबर पाणीही. छत्तीस वर्षं ती एका जिवंत माणसाचं दुःख करत होती. रस्त्यात कुणी लंगडत चाललेलं दिसलं, की तिची मान खाली जात असे. आणि तो तिकडे बंदरात बसून जेवत होता, पगार घेत होता, पाऊण म्हणाली, दोन लग्नं सुद्धा केली. पहिल्या बायकोनं त्याला सोडलं कारण तो फार बडबड करतो. हे ऐकल्यावर मात्र दोघींना हसू आवरेना. वरून एक आणि खालून एक, रिकाम्या वर्गात, पोटं धरून. चौकीदार दारातून डोकावून गेला.

तिथून सभागृहाकडे जाताना ताईच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की पुस्तिकेतलं ते वाक्य खरं आहे. एकही प्रत गहाळ नाही. गेले पाच दिवस ज्या ओळीवरून नजर काढून घेत होती ती ओळ अगदी सरळ खरी होती. पण मग ती वही? पार्सलं तीन तीन वेळा सोडून बांधणं? सगळ्यांची चेष्टा सोसून ती जी बाई झाली होती, ती हरवलेल्या डब्यामुळे झाली होती, आणि डबा तर हरवलाच नव्हता. पायाखालचं काढून घेतल्यासारखं तिला थोडा वेळ वाटलंही. मग तिला तो ताडमाड मुलगा आठवला, आणि डब्यांवरची लेबलं, आणि फिल्म परत पोचल्याची ती पत्रं, वेगवेगळ्या लिप्यांतली, ज्यांतलं तिला फक्त आपलं नाव वाचता येई. ते सगळं तर झालं होतं. कारण खोटं निघालं म्हणून ते परत गेलं नव्हतं. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा पाऊणनं विचारलं, भाषणात ते जळल्याचं सांगितलं तर चालेल का.

“सांग,” ताई म्हणाली. “वासासकट सांग.”

सत्कार झाला, तिनं शाल नको म्हणून आधीच सांगितलं होतं तर त्यांनी एक जड फुलदाणी दिली. ओळखीची चार वाक्यं पर्समध्येच राहिली. ती नुसती म्हणाली, ही माझी वर्गमैत्रीण, हिचं ऐका. पाऊणनं त्या दुसऱ्या भाषेत भाषण केलं, दुभाषी कानात मराठी सांगत होता, आणि जळल्याच्या वासापाशी सातशे माणसं हसली, काही लगेच, काही आपापल्या दुभाष्याच्या वेगानं, थोडी मागून. मग दिवे मालवले. फितीची आता नवी प्रत करून आणली होती, पण ओरखडे तसेच ठेवले होते. लांब व्हरांडा, खिडक्यांतून पडलेले उजेडाचे चौकोन, आणि शेवटच्या टोकाला भिंतीला धरून एक तरुण. तो भिंत सोडतो. दोन पावलं, आणि पडतो. बसून राहतो, कॅमेऱ्याला काहीतरी म्हणतो, आवाज नाही, पण शिवी आहे हे कुठल्याही भाषेतल्या माणसाला कळलं असतं. उठतो. पुन्हा पडतो. मध्येच एक परिचारिका ट्रे घेऊन येते, त्याला वळसा घालून निघून जाते, जणू तो तिथलं सामानच. मग तो एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात येतो, तिसऱ्यात येतो, अगदी सावकाश, जीभ दातांत धरून. आता सभागृहात कुणी हसत नव्हतं, खोकतही नव्हतं. ताईनं ही फिल्म कधी पाहिली नव्हती. ठेवून घेतली, कुलूप लावलं, बस. तिला वाटायचं, त्यात खूप दुःख असेल. त्यात होता तो एक चिडलेला, देखणा, घामाघूम मुलगा, आणि त्याला काहीही करून इकडे यायचं होतं. शेवटच्या चौकोनात पोचल्यावर त्यानं हात पुढे केला, तळवा मोठा मोठा होत गेला, आणि पडदा काळा झाला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. एरवी या वेळी ताई उठून प्रक्षेपणकक्षाकडे गेली असती, पुढची फिल्म लागली का, कुणाची राहिली का, ते बघायला. शेजारी नवरा बसला होता, फुलदाणी मांडीवर घेऊन. संचालक कडेच्या वाटेनं वाकून तिच्याकडे आला आणि म्हणाला, ताई, पुढचं मी बघतो. ती म्हणाली, बघ. दुसरी फिल्म सुरू झाली. कुठल्या तरी थंड देशातली होती, एका स्वयंपाकघरात तीन म्हाताऱ्या बोलत होत्या, आणि खाली येणारी अक्षरं वाचायला तिनं चष्मा लावला नाही. ती भाषा तिनं कधी ऐकली नव्हती. तिच्यात पुष्कळ मऊ अक्षरं होती. लहानपणी शेजारच्या खोलीत मोठी माणसं बोलत असत आणि त्यांचे शब्द कळत नसत, फक्त कळे, की सगळी जागी आहेत, सगळं बघतायत, आपल्याला काही करायचं नाही, तसं ते बोलणं येत राहिलं. म्हाताऱ्यांपैकी एक काहीतरी म्हणाली आणि सभागृह हसलं. नवऱ्यानं खांदा जरा खाली केला. ताईला झोप लागली होती.